एव्हरीथिंग, डॉकफेचर आणि रेनमीटर: प्रेसच्या पीसीवर रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, विंडोजच्या पीसीवर फाइल शोधायला एव्हरीथिंग नावाचं जे सॉफ्टवेअर आहे त्याच्याइतकं कामाचं फुकट सॉफ्टवेअर माझ्या बघण्यात दुसरं नाही. मी नाशकात अशोक स्तंभाजवळ एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे छपाईच्या मजकुराची पीसीवरची मांडणी, बघते. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, बिलबुकं, द्राक्षाच्या बॉक्सवरची लेबलं, फ्लेक्स, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं येतं आमच्याकडे, आणि या धंद्यात नवीन काम करायला लागतो तेवढाच वेळ जुनं काम शोधायला लागतो हे डीटीपीवाल्यांना वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईक येतं तेच मुळी "मागच्या वेळेसारखंच करा" म्हणत येतं, आणि मागची वेळ म्हणजे कधी, कोणत्या मशीनवर, कोणत्या फोल्डरमध्ये, ते आपण शोधायचं.

परवाचंच सांगते. पिंपळगाव बसवंतहून एका बागाईतदारांचा फोन आला, "ताई, मागच्या सीझनचं लेबल होतं ना आपलं थॉमसनचं, तेच पाहिजे, फक्त पाच किलोच्या जागी साडेचार करा, गाडी दुपारी लागतीये." फोन खांद्यावर धरूनच मी एव्हरीथिंगची खिडकी उघडली आणि थॉमसन टाईप केलं. थॉमसनच्या आमच्याकडे ढिगाने फाइली आहेत, मोठी यादी आली, मग एक स्पेस देऊन पिंपळगाव टाकलं, यादी एकदम आखडली, मग तारखेच्या कॉलमवर क्लिक केलं तर मागच्या फेब्रुवारीतली फाइल सगळ्यात वर. डबल क्लिक केलं, कोरलड्रॉ, म्हणजे आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडलं, आणि त्यांना म्हटलं भाऊ लेबल समोर आहे, बारकोड तोच ठेवायचा का बदलायचा ते सांगा. यात एंटर कुठेच मारावं लागत नाही, एकेक अक्षर पडतं तशी यादी लहान होत जाते, आणि हे जुन्या आय थ्री मशीनवरसुद्धा तसंच चालतं, त्यासाठी नवीन पीसी लागत नाही.

एवढं फास्ट कसं, तर ते एकेक फोल्डर उघडून बघतच नाही. एनटीएफएस म्हणजे ड्राइव्हवर फाइली ठेवायची विंडोजची नेहमीची पद्धत, अशा ड्राइव्हवर मास्टर फाइल टेबल म्हणून एक नोंदवही असते, ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची नोंद तिच्यात असते, एव्हरीथिंग सरळ तीच वाचतं. सावानात, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, पुस्तक हवं असेल तर आपण पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत फिरत नाही, आधी यादी बघतो, तसं. आणि पुढे काही बदललं, नवी फाइल आली, नाव बदललं, डिलीट झाली, की विंडोज एनटीएफएसच्या यूएसएन जर्नलमध्ये त्याची नोंद करतं, एव्हरीथिंग त्या जर्नलवर नजर ठेवतं, म्हणून आत्ता सेव्ह केलेली फाइल आत्ताच यादीत दिसते. एव्हरीथिंग बनवणाऱ्या व्हॉइडटूल्सच्या साइटवर आकडे दिलेत ते असे: नुकतंच टाकलेलं विंडोज १० म्हणजे साधारण १ लाख २० हजार फाइली, त्यांचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधायची यादी तयार करणं, १ सेकंदात आणि रॅम १४ एमबीच्या आसपास, १० लाख फाइली असतील तर सुमारे १ मिनिट आणि ७५ एमबी रॅम. ४ जीबीच्या मशीनलाही हे काहीच नाही. कोरलड्रॉ आणि ब्राउझर एकत्र उघडल्यावर रॅम किती उरते हे ज्यांना माहितीये त्यांना ७५ एमबीची किंमत कळेल.

आता थोडं मागे जाते, कारण हे सगळं एका जागी मिळत होतं असाही एक काळ होता. गूगल डेस्कटॉप आठवतंय का? १४ ऑक्टोबर २००४ ला त्याची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली, ऑगस्ट २००५ मध्ये दुसऱ्या व्हर्जनबरोबर साइडबार आला, स्क्रीनच्या उजव्या कडेला घड्याळ, हवामान, बातम्या, नोट्स अशी सगळी गॅजेट्स एकाखाली एक, आणि पुढे कंट्रोल दोनदा दाबलं की सर्चचा खोका समोर यायचा. रिझल्ट ब्राउझरमध्ये दिसायचे पण सगळं आपल्याच मशीनवर चालायचं, आणि फाइलचं नावच काय, आतला मजकूर, ईमेल, आधी बघितलेली वेबपेजं, सगळ्यात शोधायचं. २००६ मधल्या तिसऱ्या व्हर्जनला एक सोय आली, एका पीसीवरच्या फाइली दुसऱ्या पीसीवरून शोधा, आणि त्यासाठी फाइलींमधला मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जायचा. नेटवरच्या लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तेव्हाच लोकांना सांगितलं होतं की ही सोय वापरू नका. सप्टेंबर २०११ मध्ये गूगलने डेस्कटॉप बंदच केलं. तेव्हापासून नावाने शोधायचं एक, मजकुरात शोधायचं दुसरं, साइडबारचं तिसरं अशी जुळवाजुळव आपली आपण करावी लागते, आणि माझी जुळवणी म्हणजे शीर्षकात लिहिलेली तीन नावं, नावासाठी एव्हरीथिंग, मजकुरासाठी डॉकफेचर, साइडबारसाठी रेनमीटर. तिघंही आपल्याच मशीनवर काम करतात, शोधण्यासाठी गिऱ्हाईकाची एकही फाइल बाहेर पाठवत नाहीत, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. आमच्या डी ड्राइव्हवर लोकांच्या घरच्या लग्नांपासून कंपन्यांच्या न छापलेल्या दरपत्रकांपर्यंत काय काय असतं, ते कुठे कॉपी होतंय का याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा?

एव्हरीथिंगकडे परत येते कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी लोक वापरतच नाहीत. एक म्हणजे मॅच पाथ. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते फक्त फाइलच्या नावात शोधतं, पण आमच्याकडे फोल्डरचं नाव निफाड आणि आतल्या फाइलचं नाव नुसतं फायनल असलं काहीतरी असतं, अशा वेळी कंट्रोल यू दाबलं की फोल्डरच्या नावातही शोधतं आणि निफाड फायनल असं टाकलं तरी सापडतं. दुसरं म्हणजे आज बदललेल्या फाइली, सर्चमध्ये इंग्रजीत डीएम लिहायचं, कोलन द्यायचं, पुढे टुडे, की आज ज्याला ज्याला हात लागला ते सगळं समोर. संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी मी हे रोज बघते, कोणाचं प्रूफ पाठवायचं राहिलं ते लगेच लक्षात येतं. ईएक्सटी कोलन सीडीआर दिलं की फक्त कोरलच्या फाइली, दोन प्रकार हवे तर मध्ये सेमीकोलन. साइझ कोलन, मग मोठं असल्याची खूण आणि ५०० एमबी असं टाकलं की फ्लेक्सच्या त्या अवाढव्य टिफ फाइली यादीत येतात, डी ड्राइव्ह लाल झाला की मी आधी हेच करते, कारण एकाच बॅनरच्या पाच पाच कॉप्या पडलेल्या असतात आणि जागा त्यांनीच खाल्लेली असते.

एक फार महत्त्वाची गोष्ट आणि ही प्रेसवाल्यांनी, झेरॉक्सवाल्यांनी, सायबर कॅफेवाल्यांनी नीट वाचा. लोक पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअॅपवर आधार, पॅन, मार्कशीट, सातबारा प्रिंटला पाठवतात, प्रिंट निघते, माणूस जातो, फाइल डाउनलोडमध्ये राहते. एव्हरीथिंगमध्ये मराठीत आणि इंग्रजीत आधार, पॅन, पासबुक टाकून बघा, काय काय बाहेर येतं ते. आमच्याकडे आता रोज संध्याकाळी दुसऱ्या मशीनवरचा पोरगा ही यादी काढतो आणि शिफ्ट डिलीट करतो, त्याला सवयच लागलीये. याचीच दुसरी बाजू अशी की एव्हरीथिंग नोंदवही थेट वाचत असल्यामुळे दुसऱ्या युजरच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावंसुद्धा दाखवतं, फाइल उघडेलच असं नाही पण नाव दिसतं. एकाच पीसीवर तीन माणसं बसत असतील तर ऑप्शन्समध्ये इंडेक्सेसच्या खाली एक्स्क्लूडचा भाग आहे, तिथे आपलं खासगी फोल्डर टाकून द्या.

टाकताना एव्हरीथिंग सर्व्हिस इन्स्टॉल करायचा पर्याय येतो तो घ्या, नाहीतर दर वेळी अॅडमिनची परवानगी विचारत बसतं. आणि ऑप्शन्समध्ये कीबोर्डच्या भागात जाऊन नवीन खिडकीसाठी हॉट की द्या, आम्ही सगळ्या मशीनवर एकच ठेवलीये म्हणजे कोण कुठेही बसला तरी बोटं तिकडेच जातात. उतरवायचं ते फक्त व्हॉइडटूल्सच्या साइटवरून, गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करून नाही, कारण नामांकित फुकट सॉफ्टवेअरच्या नावाखाली भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत.

विंडोजचं स्वतःचं सर्च आहे की मग, असं विचारणारे भेटतात. आहे, आणि ते मजकुरातही शोधतं. पण त्याची क्लासिक नावाची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक असे ठरावीक फोल्डरच इंडेक्स होतात, आणि आपण मराठी माणसं काम ठेवतो डी ड्राइव्हवर, का तर विंडोज नव्याने टाकलं तरी काम वाचावं. मग डी ड्राइव्हवर शोधताना ते एकेक फोल्डर चाचपत जातं आणि हिरवी पट्टी सरकत बसते. २०१९ पासून एन्हान्स्ड म्हणून पर्याय आलाय, सेटिंग्जमध्ये सर्चच्या पानावर मिळेल, तो लावला की सगळा पीसी इंडेक्स होतो, पण पहिल्या इंडेक्सिंगला मशीनवर बराच भार येतो, त्यामुळे लावायचाच तर शनिवारी रात्री लावून सोडा. स्टार्ट मेनूमध्ये टाईप केलं की बिंगचे वेबचे रिझल्टही मध्ये मिसळतात, कामाच्या मशीनवर मला ते नको असतं. ज्यांचं काम वर्ड आणि आउटलुकमध्येच आहे, फाइली डॉक्युमेंट्समध्येच ठेवतात, त्यांना विंडोजचं पुरेल. आमच्यासारख्यांना पुरत नाही.

आता मराठीचं. हा भाग मी थोडा सविस्तर लिहिते कारण सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू पुष्कळ सापडतात पण मराठी फाइली शोधताना काय होतं ते कोणीच लिहीत नाही. एव्हरीथिंग युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेली पद्धत, व्यवस्थित घेतं, फाइलचं नाव देवनागरीत ठेवा, सर्चमध्ये देवनागरीत टाईप करा, सापडतं. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, विंडोज की आणि स्पेस दाबलं की बदलतो, त्यामुळे टाईप करायलाही अडचण नाही. अडचण आहे ती अक्षर आतमध्ये कसं साठवलंय त्याची. शेतकऱ्यांचा मेळावा असं फाइलचं नाव आहे समजा. त्यातला तो ऱ्या दोन प्रकारे टाईप होतो, काही कीबोर्ड टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड वेगळे, म्हणून एका प्रकाराने लिहिलेलं दुसऱ्या प्रकाराने शोधल्यावर सापडेलच असं नाही. ॲडव्होकेटमधल्या ॲचंही तेच, एक अख्खं अक्षर आहे आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं. वकिलांची व्हिजिटिंग कार्डं शोधताना हे फार होतं. आकड्यांचंही तसंच, देवनागरी आकड्यात लिहिलेलं वर्ष इंग्रजी आकड्यांनी शोधलं तर सापडत नाही.

यावर मी जे करते ते सांगते. शोधताना अडचणीचं अक्षर टाळायचं, शेतकऱ्यांचा पूर्ण टाईप न करता नुसतं शेतक टाकायचं आणि स्पेस देऊन मेळावा. आणि दोन शक्यता असतील तर मध्ये उभी रेघ द्यायची, एव्हरीथिंगमध्ये उभी रेघ म्हणजे किंवा. नवीन फाइलींसाठी प्रेसमध्ये आम्ही पद्धत ठरवलीये, नावात गावाचं नाव मराठीत, कामाचा प्रकार मराठीत, आणि तारीख कायम इंग्रजी आकड्यात, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे नावाने लावल्यावर तारखेचा क्रमही आपोआप लागतो. मालकांना, म्हणजे आमच्या अण्णांना, सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटत होतं, आता तेच दुसऱ्या ब्रँचला फोन करून सांगतात फाइलला नीट नाव द्या म्हणून.

फाइलच्या आतल्या मजकुरात शोधायचं तर एव्हरीथिंग त्यासाठी बनलेलंच नाही. कंटेंट म्हणून एक पर्याय त्यात आहे पण तो प्रत्येक फाइल उघडून वाचतो, त्यामुळे आधी फोल्डर, फाइलचा प्रकार, तारीख असं बांधून घेतल्याशिवाय वापरू नये, नाहीतर हळू चालतं. त्यासाठी मी डॉकफेचर वापरते. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, पोर्टेबल मिळतं, जावावर चालतं. त्याला आपण सांगायचं की हे हे फोल्डर इंडेक्स कर, बाकीच्याला ते हात लावत नाही, आणि वर्ड, पीडीएफ, टेक्स्ट, एचटीएमएल अशा फाइलींच्या आतला मजकूर इंडेक्स करून ठेवतं. उजव्या बाजूला किंवा खाली प्रीव्ह्यू येतो, शोधलेला शब्द रंगवलेला असतो. दिसायला जुनाट आहे, बटणं लहान आहेत, पण काम चोख. सिंहस्थासाठी एका संस्थेचं निवेदन करायचं होतं, त्यांनी सांगितलं की २०१५ च्या सिंहस्थाला तुमच्याकडूनच केलं होतं, त्यातला एक परिच्छेद तसाच पाहिजे. फाइलचं नाव कोणाला आठवणार? पण निवेदनं वर्डमध्ये युनिकोडमध्ये होती, साधुग्राम आणि भाविक हे दोन शब्द टाकले, मोजक्याच फाइली आल्या, त्यातली एक तीच. हे एव्हरीथिंगने झालं नसतं. एक लक्षात ठेवा, डॉकफेचरमध्ये दोन शब्द टाकले की सुरुवातीला ते दोन्हीपैकी एक असलेलंही दाखवतं, दोन्ही पाहिजेत तर मध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये अँड लिहायचं किंवा सेटिंगमध्ये बदलायचं.

पण आमचं निम्मं जुनं काम श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टमध्ये आहे आणि तिथे डॉकफेचरच काय कोणतंच सर्च सरळ चालत नाही. कारण त्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. कृतिदेवमध्ये मराठी हा शब्द लिहिला तर आतमध्ये लहान ई, जे, के, कॅपिटल बी आणि लहान एच एवढंच असतं. मग युनिकोडमध्ये मराठी टाईप करून ते सापडणार कसं? उपाय आहे, त्याच फॉन्टमध्ये तो शब्द टाईप करायचा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा, जी इंग्रजी अक्षरं दिसतील ती सर्चमध्ये द्यायची. हे चालतं पण पूर्ण भरवशाचं नाही, कारण कृतिदेवमध्ये कॅपिटल बी म्हणजे ठ आणि लहान बी म्हणजे इ, सर्चने लहानमोठं सारखंच धरलं की भलतेच शब्द येतात. शिवाय य साठी सेमीकोलन आहे, सर्च सॉफ्टवेअर सेमीकोलन आलं की शब्द संपला असं धरतं आणि शब्द मध्येच तुटतो. म्हणून य नसलेला आणि जरा लांब शब्द निवडायचा. आणि कोरलमध्ये कर्व्हज करून ठेवलेल्या फाइलीत तर शब्दच उरत नाही, नुसते आकार असतात, तिथे फाइलचं नाव हाच आधार. माझी कळकळीची विनंती आहे, कर्व्हज केलेल्या फाइलीबरोबर टेक्स्ट असलेली एक कॉपी ठेवत जा, आणि नवीन मजकूर युनिकोडमध्येच घ्या. कोरलड्रॉच्या नव्या व्हर्जनमध्ये युनिकोड मराठी नीट बसतं, जोडाक्षरंही नीट येतात.

साइडबारचं थोडक्यात सांगते. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये साइडबार आला, घड्याळ, सीपीयू मीटर, हवामान, विंडोज ७ मध्ये तीच गॅजेट्स डेस्कटॉपवर कुठेही ठेवता यायला लागली. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की यात सुरक्षेचा धोका आहे, गॅजेटमधून बाहेरचा माणूस पूर्ण पीसीचा ताबा घेऊ शकतो, आणि साइडबार बंद करायचं टूल दिलं. विंडोज ८ पासून तो काढूनच टाकला. तीच जुनी गॅजेट्स परत आणून देणारे पॅक आजही मिळतात, घरच्या पीसीवर हौस म्हणून कोणी टाकत असेल तर त्याची मर्जी, पण जिथे गिऱ्हाईकांचे कागद आहेत त्या मशीनवर मी ते टाकणार नाही आणि तुम्हीही टाकू नका. विंडोज ११ मधलं विजेट्स बोर्ड विंडोज आणि डब्ल्यू दाबल्यावर डावीकडून येतं, त्यात बातम्यांचा भरणा असतो, आता तो सेटिंगमधून बंद करता येतो, पण काम करताना बाजूला नुसती नजर टाकून दिसावं असं जे मला हवंय ते त्यातून मिळत नाही.

ते रेनमीटरमधून मिळतं. हेही फुकट आणि ओपन सोर्स. टाकलं की इलस्ट्रो नावाची साधी स्किन, म्हणजे डेस्कटॉपवर दिसणाऱ्या गोष्टींचा तयार संच, येते, घड्याळ, सीपीयू, रॅम, डिस्क. नेटवर हजारो स्किन्स आहेत, निऑनचे गोल, नाचणाऱ्या पट्ट्या, पण कामाच्या मशीनवर ते सगळं टाकलं तर डोळ्यांनाही त्रास आणि मशीनलाही, म्हणून मी तीनच गोष्टी ठेवल्यात: घड्याळ, डी ड्राइव्हवर किती जागा उरली, आणि आजची डिलिव्हरी. ही तिसरी मी स्वतः बनवलीये. एक साधी टेक्स्ट फाइल आहे, तिच्यात सकाळी लिहायचं, अमुक पत्रिका ११ वाजता, फ्लेक्स ४ वाजता, बिलबुक उद्या. रेनमीटरमध्ये वेबपार्सर म्हणून एक भाग आहे तो वेबपेज वाचतो तसा आपल्या मशीनवरची फाइलही वाचतो, ठरावीक वेळाने परत वाचतो आणि उजव्या कडेला ती यादी दिसत राहते. काम झालं की फाइलमधली ओळ काढायची, थोड्या वेळात स्क्रीनवरूनही जाते. अण्णा येता जाता माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचतात, आता "ती पत्रिका झाली का गं" हा प्रश्न दिवसातून फार कमी वेळा येतो.

मराठी अक्षरांसाठी एकच गोष्ट सांभाळायची. स्किनच्या फाइलीत मराठी लिहायचं असेल, उदाहरणार्थ वर मथळा म्हणून आजची डिलिव्हरी, तर नोटपॅडमध्ये सेव्ह अॅज करताना एन्कोडिंग यूटीएफ १६ एलई निवडायचं, नाहीतर चौकोन किंवा कचरा दिसतो. टेक्स्टची फाइल मात्र यूटीएफ ८ मध्ये ठेवली तरी चालते. फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल द्यायचा, जोडाक्षरं व्यवस्थित उमटतात. स्किन बनवणं म्हणजे साधी मजकूर फाइल लिहिणं आहे, प्रोग्रामिंग येत नसलं तरी इलस्ट्रोची फाइल उघडून आकडे बदलत बदलत शिकता येतं, रेनमीटरच्या साइटवर माहिती भरपूर आहे, इंग्रजीत आहे पण सोप्या भाषेत.

एव्हरीथिंगच्या मर्यादा राहिल्या. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट किंवा एक्सफॅट असतात, त्यात ती एनटीएफएसवाली नोंदवही नसते, म्हणून ते आपोआप यादीत येत नाहीत. नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचं शेअर केलेलं फोल्डरही आपोआप येत नाही. दोन्हींसाठी ऑप्शन्समध्ये इंडेक्सेस, मग फोल्डर्स, तिथे ते जोडावं लागतं, आणि ते ठरावीक वेळाने परत स्कॅन होतं, त्यामुळे शेजारच्या मशीनवर आत्ता सेव्ह केलेलं लगेच दिसेलच असं नाही. आम्ही त्यापेक्षा प्रत्येक मशीनवर वेगळं एव्हरीथिंग टाकलंय, ते बरं पडतं.

कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्क आणि डीव्हीडींसाठी मात्र यात एक सोय आहे आणि ती फारच थोड्यांना माहितीये. डिस्क एकदा जोडायची, टूल्समध्ये फाइल लिस्ट एडिटर आहे त्यात तिच्यातल्या सगळ्या फाइलींची यादी बनवून ईएफयू प्रकारात सेव्ह करायची, आणि ऑप्शन्समध्ये फाइल लिस्ट्सच्या खाली ती यादी जोडून टाकायची. मग डिस्क काढून कपाटात ठेवली तरी सर्चमध्ये तिच्यातल्या फाइलींची नावं येतात. उघडणार नाहीत अर्थात, पण पाच डिस्क एकामागून एक जोडून बघत बसायची गरज नाही. आमच्याकडे २०१२ पासूनच्या डीव्हीडी अशा यादीत घेतल्यात, पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा बसून केलं. डिस्कवर मार्करने जे नाव लिहिलंय तेच ईएफयू फाइलला द्या म्हणजे कपाटातली नेमकी कोणती डिस्क काढायची ते कळतं, आणि डीव्हीडी असतील तर यादी करता करताच त्यातला माल हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या, जुन्या डीव्हीडी वाचल्या जातातच असं नाही.